छेद उलटे, उत्तर सरळ

विद्यार्थी मित्रांनो, 'कसर' हा शब्द तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. उर्दूतून गणित शिकताना तुम्ही अपूर्णांकाला कसर म्हणता. मराठीतही हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ थोडा निराळा आहे. 'कामात कसर राहिली' म्हणजे काम अपुरे राहिले. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मोडणे, तुटणे असा आहे. पूर्ण वस्तूचा तुटलेला भाग तो अपूर्णांक. दोन्ही भाषांत अर्थ कसा आला, हे यावरून ध्यानात येईल.

'जमा', 'वजा', 'बाकी', 'रक्कम', 'हिशेब' हे मराठीतील रोजचे शब्दही अरबी-फारसीच्या वाटेने आले आहेत. म्हणजे 'वजाबाकी' या शब्दाचे दोन्ही भाग तुमच्या ओळखीचे आहेत. अपूर्णांकातील वरच्या संख्येला उर्दूत शुमार कुनिंदा म्हणतात, मराठीत अंश. खालच्या संख्येला उर्दूत नसब-नुमा म्हणतात, मराठीत छेद. या पाठात अपूर्णांक एका ओळीत लिहिले आहेत. तिरक्या रेघेच्या आधी अंश आणि नंतर छेद असे वाचावे. तुमच्या बीजगणिताच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरे असतात. येथे त्यांच्या जागी क्ष, य, अ, ब ही अक्षरे घेतली आहेत.

छेद सारखे असले की वजाबाकी सोपी असते. ५/७ − २/७ = ३/७. अंशांची वजाबाकी करायची, छेद तसाच ठेवायचा. आता पुढील उदाहरण पाहा.

५/(क्ष − ३) − २/(३ − क्ष)

हे उदाहरण फळ्यावर लिहिले की वर्गातून निरनिराळी उत्तरे येतात. काहींना दोन्ही छेद सारखेच वाटतात. दोन्हींत क्ष आहे, दोन्हींत ३ आहे आणि मध्ये वजाचे चिन्ह आहे. ते लगेच ३/(क्ष − ३) असे उत्तर सांगतात. काहींना दोन्ही छेद अगदी वेगळे वाटतात. ते दोन्ही छेदांचा गुणाकार करतात आणि लांबलचक रीत मांडतात. खरे पाहता हे छेद सारखेही नाहीत आणि परकेही नाहीत. ते एकमेकांचे उलटे आहेत. ही गोष्ट नीट समजली, तर उत्तर दोन-तीन ओळींत मिळते.

प्रथम भाषेकडे पाहू. 'दहामधून चार वजा करा' असे म्हटले, तर आपण १० − ४ लिहितो. 'चारमधून दहा वजा करा' म्हटले, तर ४ − १० लिहितो. ज्या संख्येला 'मधून' लागते, ती संख्या आधी लिहायची. उर्दूत 'में से' हे शब्द हेच काम करतात. म्हणून 'क्ष मधून ३ वजा करा' म्हणजे क्ष − ३ आणि '३ मधून क्ष वजा करा' म्हणजे ३ − क्ष. बेरजेत क्रम बदलला तरी चालतो. ४ + १० आणि १० + ४ यांत फरक नाही. वजाबाकीत तसे चालत नाही.

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी येथे विशेष सावध राहावे. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे चालते. पण त्याच ओळीत १२५ ही संख्या आली, तर ती आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. बीजगणितातील पदावलीही डावीकडून उजवीकडे वाचायची असते. वाचण्याची दिशा चुकली, तर क्ष − ३ चे ३ − क्ष होईल आणि उत्तराचे चिन्ह बदलेल.

आता क्रम बदलल्याने नक्की काय होते ते पाहू. १० − ४ = ६ आणि ४ − १० = −६. तसेच ९ − २ = ७ आणि २ − ९ = −७. संख्या कोणत्याही घ्या, अंतर तेवढेच राहते. फक्त चिन्ह बदलते. ६ आणि −६ या एकमेकींच्या विरुद्ध संख्या आहेत. त्यांची बेरीज शून्य येते. अक्षरांनाही हाच नियम लागू पडतो. (क्ष − ३) आणि (३ − क्ष) यांची बेरीज करून पाहा. क्ष आणि −क्ष मिळून शून्य, −३ आणि ३ मिळून शून्य. म्हणून

३ − क्ष = −(क्ष − ३)

आपल्या पाठाचा सारा आधार या एका ओळीवर आहे. कंसाबाहेर उणे चिन्ह काढले, की कंसातील दोन्ही पदांची चिन्हे बदलतात. एकाच पदाचे चिन्ह बदलून चालत नाही.

यानंतर प्रश्न येतो की छेदातील उणे चिन्हाचे काय करावे. तीन भागाकार करून पाहू. −६ ला २ ने भागले, तर −३ येतात. ६ ला −२ ने भागले, तरी −३ येतात. ६ ला २ ने भागून येणाऱ्या उत्तराला उणे चिन्ह दिले, तरी −३ च. म्हणजे उणे चिन्ह अंशात असो, छेदात असो किंवा पूर्ण अपूर्णांकाच्या आधी असो, किंमत एकच राहते. म्हणून छेदातील उणे चिन्ह उचलून अपूर्णांकाच्या आधी ठेवता येते.

२/(३ − क्ष) = २/[−(क्ष − ३)] = −२/(क्ष − ३)

आता आपले मूळ उदाहरण सोडवू.

५/(क्ष − ३) − २/(३ − क्ष)
= ५/(क्ष − ३) − [−२/(क्ष − ३)]
= ५/(क्ष − ३) + २/(क्ष − ३)
= ७/(क्ष − ३)

दुसऱ्या ओळीत दोन उणे चिन्हे एकापुढे एक आली आणि तिसऱ्या ओळीत अधिक चिन्ह आले. 'उणे उणे अधिक' हे तुम्ही पाठ केलेले असते. पण असे का होते? समजा, किराणा दुकानदाराच्या वहीत तुमच्या घरच्या नावावर ५० रुपये उधारी आहे. दुकानदाराने ती उधारी वहीतून वजा केली. त्याने तुमच्या हातात एक रुपयाही दिला नाही, तरी तुमची स्थिती ५० रुपयांनी सुधारली. कर्ज वजा होणे म्हणजे तेवढी रक्कम जमा होण्यासारखेच आहे.

हा विचार फार जुना आहे. ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात अधिक संख्यांना धन आणि उणे संख्यांना ऋण म्हटले आहे. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' हा ग्रंथ लिहिला. वजा करायची राशी धन असेल तर ती ऋण होते आणि ऋण असेल तर ती धन होते, असा नियम त्यांनी त्यात सांगितला आहे. आपण वर तिसऱ्या ओळीत वापरला तो हाच नियम. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केला होता. त्यासंबंधीचा इ. स. १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

'बीजगणित' ग्रंथाचा फारसी अनुवाद शाहजहानच्या काळात, इ. स. १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रुश्दी यांनी केला. ताजमहालाचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे ते पुत्र. पूर्वी औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा ही वास्तू अताउल्ला यांनीच उभारली. संस्कृतातील गणित फारसीत नेणाऱ्या माणसाचे काम आजही महाराष्ट्रात उभे आहे. गणिताने एका भाषेतून दुसऱ्या भाषेत असा अनेकदा प्रवास केला आहे. तुम्हीही कसरपासून अपूर्णांकापर्यंत तसाच छोटा प्रवास करीत आहात.

आता आपल्या उत्तराकडे परत येऊ. ते बरोबर आहे हे कसे ओळखावे? यासाठी ताळा पाहावा. क्ष च्या जागी एखादी सोयीची संख्या ठेवावी. क्ष = ५ घेऊ. पहिला अपूर्णांक ५/२ म्हणजे २.५. दुसरा २/(−२) म्हणजे −१. आता २.५ − (−१) = ३.५. आपले उत्तर ७/(क्ष − ३) म्हणजे ७/२, तेही ३.५. ताळा जुळला. घाईने सांगितलेले ३/(क्ष − ३) हे उत्तर तपासले, तर ३/२ म्हणजे १.५ येते. ते जुळत नाही. एका किमतीने ताळा जुळला म्हणून उत्तर सिद्ध झाले असे मात्र समजू नये. पण जुळला नाही, तर चूक नक्की आहे हे कळते. परीक्षेत शिक्षक जवळ नसतात, तेव्हा ताळा आपल्या उपयोगी पडतो.

ज्यांनी दोन्ही छेदांचा गुणाकार केला, त्यांचे काय? त्यांची रीत चुकीची नाही. त्यांचा अंश ५(३ − क्ष) − २(क्ष − ३), म्हणजे २१ − ७क्ष येईल आणि छेद (क्ष − ३)(३ − क्ष) येईल. अंशाचे अवयव पाडले, तर ७(३ − क्ष). आता (३ − क्ष) हा सामाईक अवयव वरून व खालून काढला, की ७/(क्ष − ३) हेच उत्तर मिळते. पण वाट लांब आहे आणि प्रत्येक वळणावर चिन्ह चुकण्याची भीती आहे. अनेक विद्यार्थी मध्येच थांबतात आणि अवयव पाडायचे विसरतात. मग उत्तर अतिसंक्षिप्त रूपात राहत नाही.

ताळा पाहताना क्ष ची किंमत ३ घेऊ नये. ३ − ३ = ० आणि छेद शून्य झाला, तर भागाकाराला अर्थच राहत नाही. म्हणून अशा उदाहरणात 'क्ष ची किंमत ३ नाही' ही अट मनाशी धरलेली असते.

उलटे छेद केवळ पुस्तकात येतात असे नाही. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आपल्या जिल्ह्यात पांढरकवड्यावरून जातो. समजा, कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर या रस्त्याने नागपूरपासून दूर जात आहे. सकाळी १० वाजता तो नागपूरपासून १२० किलोमीटरवर होता आणि १२ वाजता १५० किलोमीटरवर. अंतरातील फरकाला वेळेतील फरकाने भागले की वेग मिळतो.

(१५० − १२०)/(१२ − १०) = ३०/२ = १५

म्हणजे वेग ताशी १५ किलोमीटर. एखाद्याने वर आणि खाली दोन्हीकडे उलट क्रम घेतला, तर (१२० − १५०)/(१० − १२) = (−३०)/(−२) = १५. उत्तर तेच. पण वर एक क्रम आणि खाली दुसरा क्रम घेतला, तर उत्तर −१५ येईल. त्याचा अर्थ ट्रॅक्टर नागपूरकडे परत चालला आहे असा होईल! अंश व छेद दोन्हींची चिन्हे बदलली तर किंमत बदलत नाही. दोहोंपैकी एकाचेच चिन्ह बदलले तर किंमतीचे चिन्ह बदलते.

आता एक जोडी पाहू.

क्ष/(क्ष − य) − य/(य − क्ष) = क्ष/(क्ष − य) + य/(क्ष − य) = (क्ष + य)/(क्ष − य)

क्ष/(क्ष − य) + य/(य − क्ष) = क्ष/(क्ष − य) − य/(क्ष − य) = (क्ष − य)/(क्ष − य) = १

दोन्ही उदाहरणांत फक्त मधल्या चिन्हाचा फरक आहे, पण उत्तरांत किती फरक पडला! पहिल्या उत्तराला आणखी संक्षिप्त रूप देता येत नाही. वर क्ष, खाली क्ष म्हणून ते खोडू नयेत. खोडायचे असते ते गुणाकारातील सामाईक अवयवाला, बेरीज-वजाबाकीतील पदाला नव्हे. दुसऱ्या उदाहरणात अंश व छेद पूर्णपणे सारखे झाले, म्हणून उत्तर १ आले.

अंशात दोन पदे असली, तर कंसाची आठवण ठेवावी.

(५क्ष − १)/(क्ष − ४) + (२क्ष + ११)/(४ − क्ष)
= (५क्ष − १)/(क्ष − ४) − (२क्ष + ११)/(क्ष − ४)
= [५क्ष − १ − (२क्ष + ११)]/(क्ष − ४)
= (५क्ष − १ − २क्ष − ११)/(क्ष − ४)
= (३क्ष − १२)/(क्ष − ४)
= ३(क्ष − ४)/(क्ष − ४)
= ३

येथे छेद उलटल्यामुळे मधले अधिक चिन्ह उणे झाले. ते उणे चिन्ह २क्ष ला लागते, तसेच ११ लाही लागते. कंस न लिहिणारा विद्यार्थी ५क्ष − १ − २क्ष + ११ असे लिहितो आणि त्याला ३क्ष + १० मिळतात. मग पुढे अवयव पडत नाहीत आणि गाडी तेथेच अडते. क्ष = ६ घेऊन ताळा पाहा. २९/२ + २३/(−२) = ६/२ = ३. उत्तर जुळते. क्ष ची किंमत ४ सोडून कोणतीही घेतली, तरी येथे उत्तर ३ च येईल.

शेवटी दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली : मध्ये अधिक चिन्ह असलेले छेद उलटे नसतात. (क्ष + ३) आणि (३ + क्ष) हे एकच आहेत. तेथे कोणतेही चिन्ह बदलू नये. (क्ष − ३) आणि (क्ष + ३) हेही एकमेकांचे उलटे नाहीत. खात्री नसेल, तर दोन्ही छेदांची बेरीज करावी. बेरीज शून्य आली तरच ते उलटे.

दुसरी : छेदांचा वर्ग असेल, तर उणे चिन्ह उरत नाही. −६ चा वर्ग ३६ आणि ६ चा वर्गही ३६. म्हणून (२ − क्ष)² आणि (क्ष − २)² हे समान आहेत. ३/(क्ष − २)² − १/(२ − क्ष)² या उदाहरणाचे उत्तर २/(क्ष − २)² आहे. येथे वजाबाकी वजाबाकीच राहते. उलटा छेद दिसला की चिन्ह बदलायचे, एवढेच ज्याने पाठ केले आहे, तो येथे ४/(क्ष − २)² असे लिहून फसेल. चिन्ह का बदलते हे ज्याला समजले आहे, तो फसणार नाही.

दहावीनंतर तुमच्यापैकी अनेकांना मराठी किंवा इंग्रजी माध्यमातून पुढे शिकावे लागेल. तेथे शुमार कुनिंदाऐवजी अंश म्हणतील, नसब-नुमाऐवजी छेद म्हणतील. शब्द नवे म्हणून गणित नवे वाटेल आणि काही जण बिचकतील. बिचकण्याचे कारण नाही. ३ − क्ष = −(क्ष − ३) ही ओळ प्रत्येक भाषेत अशीच लिहिली जाते. शब्द चार दिवसांत ओळखीचे होतात. समजून घेतलेली रीत तुमच्याजवळ आधीपासूनच असेल.

शब्दार्थ

अंश – शुमार कुनिंदा
छेद – नसब-नुमा
अपूर्णांक – कसर
वजाबाकी – तफरीक
धन – मुसबत
ऋण, उणे – मनफी
ताळा पाहणे – उत्तर बरोबर आहे का ते तपासणे
बिचकणे – घाबरून मागे सरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अरबीत 'कसर' या शब्दाचा मूळ अर्थ काय आहे?
(आ) भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथाचा फारसी अनुवाद कोणी केला?
(इ) दोन छेद एकमेकांचे उलटे आहेत हे कसे ओळखावे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कर्ज वजा होणे म्हणजे रक्कम जमा होण्यासारखेच आहे, असे लेखात का म्हटले आहे?
(आ) ताळा पाहताना छेद शून्य करणारी किंमत का घेऊ नये?

३. 'मधून' हा शब्द वापरून वाचा व लिहा.
८ − क्ष, य − ५, अ − ब

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
कसर, बाकी, हिशेब, रक्कम

५. सरळ रूप द्या. प्रत्येक उत्तराचा ताळा पाहा.
(अ) ८/(क्ष − ६) − ३/(६ − क्ष)
(आ) ४अ/(अ − ७) + २८/(७ − अ)
(इ) (३क्ष − २)/(क्ष − ५) − (२क्ष − २३)/(५ − क्ष)
(ई) ९/(क्ष − १)² + २/(१ − क्ष)²